परातीतलं पाणी

आबांची पदकं आता माझ्या भाच्याकडे आहेत, धुळ्याला, काचेच्या पेटीत. घरी कोणी पाहुणा आला की भाचा पेटीवरचा दिवा लावतो आणि सांगतो, हे माझे आजोबा, आईचे वडील, डॉक्टर होते आणि फौजेत कप्तानही होते. मग पाहुण्याची मान माझ्याकडे वळते. आजी, तुम्ही त्यांच्या धाकट्या लेक ना, लढाईतलं काहीतरी सांगा की! आता काय सांगू, कपाळ? आबा पहिल्या महायुद्धानंतर बसऱ्याकडून परत आले तेव्हा मी त्यांना ओळखलंसुद्धा नव्हतं. दारातला खाकीतला माणूस बघून आत्याच्या लुगड्यात तोंड खुपसलं होतं. आणि लढाईविषयी त्यांनी जन्मभरात तोंड उघडलं ते एवढ्यापुरतंच, की तिकडे गोळीने मेले त्याहून जास्त पाण्याने मेले. पाहुण्यांना हे आवडत नाही, त्यांना तोफा हव्या असतात. माझ्याकडे तोफा नाहीत. माझ्याकडे एक पितळी परात आहे, काठाला एका जागी चेपलेली, आणि आबा काय चीज होते ते मला त्या परातीपाशी कळलं. म्हणून तेवढंच लिहून ठेवते.

आमचं गाव दोंडाईच्याजवळ, उजाडता गाडी जुंपली तर न्याहारीला स्टेशनात पोचावं इतक्या अंतरावर. घरात माणसं चारच. आबा, त्यांची थोरली विधवा बहीण म्हणजे अक्का, माझी मोठी बहीण द्वारकाताई आणि मी. आई मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीत गेली. त्या वेळी आबा तिकडे नदीतल्या आगबोटीवर जखमी शिपायांना औषधपाणी करत होते, आणि इकडे आईला बघायला पंचक्रोशीत एक डॉक्टर नव्हता. परत आल्यावर त्यांना मोठ्या शहरातल्या इस्पितळात जागा देऊ केली होती म्हणतात. ती नाकारून त्यांनी गावातल्या ओसरीवर टेबल मांडलं, तेव्हा अक्का त्यांच्यावर फार चिडली. आबा म्हणाले, "अक्का, जिथे डॉक्टर नाही म्हणून माझी बायको गेली, तिथे मी बसणार. यावर पुन्हा बोलायचं नाही." आणि अक्का, जी जगातल्या प्रत्येक विषयावर पुन्हा बोलायची, ती त्या एका विषयावर पुन्हा बोलली नाही.

घर मात्र छावणी झालं. पहाटे आबा शिटी वाजवत. खरीखुरी पितळी शिटी! ती वाजली की मी अंथरुणाची घडी घालायची, ताईने अंगण झाडायचं, आणि अक्काने, तिच्याच शब्दांत, "कप्तानना बापले शिव्या द्याव्या", म्हणजे स्वतःच्याच बापाला. मग स्टोव्ह भरभरायला लागे, त्यावर आबांच्या सुया उकळत आणि शेजारच्या चुलीवर अक्काची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी फुगत असे, त्यामुळे आमच्या ओसरीला स्पिरिट आणि भाजलेली ज्वारी यांचा एक मिळून वास होता. तो वास मला अजून कुठल्या दवाखान्यात शिरलं की अर्धाच येतो आणि भूक लागल्यासारखं होतं. जेवायला बसताना आबा आमचे हात उलटेसुलटे बघत आणि दर रविवारी पाय. फौजेत म्हणे शिपायांचे पाय असेच रांगेने तपासतात. उन्हाळ्यात खाटांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेले असायचे, त्यातला ओला बिबडा चोरून खाताना सापडलं तर आबा रागावत नसत. हात न धुता खाल्ला तर मात्र खैर नसे. पाणी दोनदा गाळलेलं आणि उकळलेलं. गावातल्या बायका अक्काला विचारायच्या, "तुमनाकडे पानीबी रांधीसन पेतस का?" अक्का कपाळाला हात लावून म्हणायची, "काय सांगू माय!"

या पाण्याच्या वेडामागे कारण होतं, आणि ते आमच्या गावच्या पायविहिरीत होतं. पायविहीर म्हणजे जिच्या आत थेट पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या उतरतात ती. पावसाळ्यात दोन पायऱ्या उतरलं की पाणी हाती लागे, पण चैत्र-वैशाखात ते तळाला जाई, आणि बायका पार खाली उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहून कळश्या बुडवत. त्यामुळे आमच्या गावाला नारू होता. आताच्या मुलांना नारू ठाऊक नाही, देवाची कृपा. आधी घोट्याशी आग होते, मग टपोरा फोड येतो, फोड फुटला की आतून पांढरा दोऱ्यासारखा जिवंत किडा तोंड काढतो. ओढला तर तुटतो, तुटला तर पाय सडतो. म्हणून तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा आणि माणसाने तोवर खाटेवर पडून राहायचं, नेमकं पेरणीच्या दिवसांत. गाव म्हणे, नारू उष्णतेने होतो. आबा म्हणत, पाण्याने होतो. पायाची आग होते म्हणून माणूस पाण्यात पाय घालतो, नारूला तेच हवं असतं, तो आपली पिल्लं पाण्यात सोडतो, आणि ते पाणी जो पिईल त्याच्या अंगात पुढच्या वर्षीचा नारू वाढायला लागतो. तेव्हा पाण्यात पाय घालायचा नाही, वरून दोराने शेंदायचं. एवढंच! मला लहान वयातही हे समजत होतं. गावाला समजत नव्हतं असं नाही, पटत नव्हतं.

आबांनी विहिरीच्या काठावर रहाट बसवला. बायकांनी आठवडाभर कौतुकाने फिरवला आणि पुन्हा पायऱ्यांनी उतरू लागल्या, कारण शेंदताना दंड भरून येतात आणि बुडवलेली कळशी झटक्यात भरते. मग आबांनी फौजेतली युक्ती काढली. तिकडे मुक्काम पडला की पाण्याकाठी बावटे रोवत. पांढरा तिथे पिण्याचं पाणी, तांबडा तिथे धुण्याचं. आबांनी रहाटापाशी पांढरा बावटा लावला आणि पायऱ्यांच्या तोंडाशी तांबडा, आणि गावाला बजावून सांगितलं की तांबड्याच्या खाली कोणी उतरू नये. आता खानदेशात विहिरीवर तांबडा बावटा म्हटल्यावर माणसाला काय वाटणार? पहिल्याच मंगळवारी तिथे नारळ फुटला. मग शेंदूर फासलेला दगड आला, तेलाची पणती आली, आणि नुसतं पाणी भरायला उतरणाऱ्या बायका आता आधी खाली उतरून पाय धुऊन मग वर येऊन बावटामायचं दर्शन घेऊ लागल्या. पांढऱ्या बावट्यापाशीही कोणी तरी उदबत्ती लावली, पीर असला तर उगाच नाराज नको. आबा तांबडा बावटा उपटायला गेले, तर पाटील हात जोडून म्हणाले, "साहेब, लावला तुम्ही हे खरं, पण आता तो तुमचा नाही."

अक्का हसता हसता खाली बसली. "भाऊ, तू त देवी बसाडी दिन्ही!" मग पदराने डोळे पुसून तिने मोठ्या शहाणपणाची गोष्ट सांगितली. देवी बसलीच आहे तर तिचाच उपयोग करावा. देवी स्वप्नात आली आणि म्हणाली पायरी उतरू नका, एवढं एकदा कप्तानाने चावडीवर सांगितलं की काम फत्ते. आबांचा चेहरा असा झाला की मी खांबाआड सरकले. "मी डॉक्टर आहे, भगत नाही," ते म्हणाले. "थाप मारून चार दिवस पाय बाहेर ठेवतील. पाचव्या दिवशी दुसऱ्याच्या स्वप्नात देवी येईल आणि उतरा म्हणेल. मी खरंच सांगणार, त्यांना ऐकू येईपर्यंत." त्यानंतर रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी ते विहिरीवर जाऊन उभे राहू लागले. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचं, तितक्याच शांतपणे. पोरं त्यांना मागून 'पायडॉक्टर' म्हणत. ते ऐकूनही मान वळत नसे. असा हट्टी माणूस मी नंतर पाहिला नाही, आणि आरशात पाहिला तो धरायचा नाही.

अशात ताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली. तिला साक्रीकडच्या पिंपळनेरला दिली होती. मुलगा झाला, घरात अळीव, डिंक आणि बाळंतशोपेचा वास भरून राहिला, आबा शिटी वाजवायची सोडून नातवासमोर ओठांनीच शीळ घालू लागले. सव्वा महिना व्हायला आला होता आणि आखाजी तोंडावर आली होती. एके दुपारी ताई मला म्हणाली, "बादलीत गार पाणी आण, आणि बोलू नकोस." मी आणलं. तिने पाय आत सोडला आणि असा काही श्वास टाकला की मला तिची दया आली. घोट्याच्या जरा खाली फोड होता. तेवढ्यात आबा आत आले.

ते काही ओरडले नाहीत, हे वाईट. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी बसून तिचा पाय मांडीवर घेतला. "केव्हापासून?"

"दोन दिवस झाले."

"गेल्या आखाजीला माहेरी आली होतीस तेव्हा पायविहिरीचं पाणी प्यायली होतीस?"

ताईने मान खाली घातली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडच्या सासुरवाशिणींचा मोकळा सण, झोके खेळायचे, गाणी म्हणायची, आणि दमल्यावर मैत्रिणींबरोबर विहिरीत उतरून ओंजळीने पाणी प्यायचं. घरी दोनदा गाळलेलं पाणी पिणारी कप्तानाची पोर, एक दिवस मैत्रिणींसारखी वागली. त्यात तिचं काय चुकलं?  आबांनी पायाला पट्टी बांधली आणि ती बादली स्वतः उचलून गावाबाहेरच्या कोरड्या बरडावर नेऊन ओतली. परत आले आणि अक्काला म्हणाले, "द्वारका विहिरीत उतरणार नाही."

अक्काच्या हातातलं सूप खाली पडलं. कारण आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की विहीर पुजते. वाजतगाजत जायचं, पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभं राहायचं, हळदकुंकू वाहायचं, मग वर यायचं. त्यानंतर तिला चूल, देव, पाणी सगळं मोकळं. विहिरीचं पाणी पायाला लागल्याशिवाय बाळंतीण सासरचा उंबरा ओलांडत नाही. ताईची सासू नातवाला न्यायला पिंपळनेरहून निघणार होती, आणि जावई आईच्या शब्दाबाहेर नव्हते. अक्काने गळा काढला. पोरीचं घर मोडशील, भाऊ! आणि आबा पाठमोरे उभे राहून म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरींना रोज अडवतो, आणि माझी नारू घेऊन त्याच पाण्यात उभी राहू देऊ? मग मी उद्यापासून कुठल्या तोंडाने तिथे उभा राहू? सबंध गाव तिच्या पायाचं पाणी पिईल." दोघंही खरं बोलत होते. ताई आतल्या खाटेवर मुलाला पाजत सगळं ऐकत होती. तिला कोणी काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

विहीणबाई आल्या त्या बैलगाडीतून, दोन पोती नागली आणि खणानारळ घेऊन. उंच, काळ्यासावळ्या, बोलणं म्हणजे कुऱ्हाडीचा घाव. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी लुगडं पोटरीपर्यंत वर केलं. पायावर पांढरे वण होते, एकाखाली एक. "हाई देखा साहेब. माले सात नारू निंघनात. मी मरनू का?"

आबांनी ते वण वाकून नीट पाहिले. "खाटेवर किती पडलात?"

"पडनू. पेरनीना टाईमले. सासरानी मन्हा वाटानं बी पेरं नि वरीसभर आयकाडं." सासऱ्याचे वर्षभराचे टोमणे एवढ्यात आटपून त्यांनी लुगडं खाली सोडलं. "पन विहीर पुजी. पूजा व्हई त सून घर येई. नही त नही."

पूजेच्या दिवशी सकाळी आबांनी ट्रंक उघडली. परत आल्यापासून न घातलेली वर्दी, तिला कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता. पट्टा आवळला, पदकं लावली, टोपी घातली. अक्का रडवेली असूनही म्हणालीच, "कोनवर चाल करी राहिना? बायासवर?" आबा आमच्याआधी घराबाहेर पडले. आम्ही मागून निघालो. पुढे ढोलवाला, मग नवं लुगडं नेसलेली, मुलाला कुशीत घेतलेली, लंगडत चालणारी ताई, तिच्या मागे विहीणबाई, आणि अक्काच्या डोक्यावर ती परात, हळदकुंकू आणि वाटायच्या घुगऱ्यांनी भरलेली; विधवेने हळदकुंकू न्यायचं नसतं, पण घरात दुसरी बाई नव्हती. अर्धं गाव मागे. कप्तान आम्हाला अडवतो तसा स्वतःच्या पोरीला अडवतो का, हे प्रत्येकाला बघायचं होतं. पायऱ्यांच्या तोंडाशी, शेंदूर फासलेल्या त्या दगडाशेजारी, आबा ताठ उभे होते. ढोल आपोआप थांबला.

"बाजूले व्हा, साहेब," विहीणबाई म्हणाल्या.

"नाही."

"सून मन्ही शे."

"पाणी गावाचं आहे. तिच्या पायात नारू आहे, ती उतरणार नाही. तुम्ही तिला नेणार नसाल तर ती माझ्या घरी राहील, नातूही राहील. जन्मभर सांभाळीन." आबांचा आवाज करडा होता, पण शेवटच्या शब्दाला तो फाटला, आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आबांना भीती वाटते आहे. मलाही वाटत होती. ताई जन्मभर आमच्याकडे राहिली तर मला आवडलं असतं, आणि तसं झालं तर ती मरेल हेही कळत होतं.

गर्दीत कुजबुज वाढली. आणि मग ताई, जिचा आवाज आम्ही दिवसभरात ऐकत नसू, ती एवढ्या मोठ्याने बोलली की मूल दचकून रडायला लागलं. "माले कोनी इचारी का?" तिने ते रडतं मूल सरळ विहीणबाईंच्या हातात कोंबलं. आता सासूचे दोन्ही हात अडकले. मग ती अक्काकडे वळली, डोक्यावरची परात उतरवली, हळदकुंकू तिच्याच हाती दिलं, घुगऱ्या शेजारणींच्या पदरात ओतल्या, आणि रिकामी परात नेऊन विहिरीपासून लांब, कडुनिंबाखाली ठेवली. तशी ठेवली की आदळलीच. तो चेपा तेव्हाचा. आणि स्वतः त्या परातीत उभी राहिली.

"आत्याबाई, विहीरनं पानी पायले लागाले पाहिजे, इतलंच ना?" तिने सासूला विचारलं.

विहीणबाई नातवाला झुलवत म्हणाल्या, "इतलंच."

"मंग लागी." आणि आबांकडे बघून तिने तोंड फिरवल्यासारखं केलं, कारण डोळे भरले होते. "आबा, लग्नात पाय धुतले होते ना माझे? आता पुन्हा धुवा. विहिरीचं पाणी आणा."

 आबांना हुकूम द्यायची सवय, घ्यायचीही फौजेतल्या वरच्यांकडून होती, पण पोरीकडून हा पहिलाच. मग त्यांनी टोपी काढली आणि माझ्याकडे दिली. रहाटावर जाऊन कळशी शेंदली. तो रहाट इतका कुरकुरायचा, आणि त्या दिवशी त्या कुरकुरीखेरीज गावात दुसरा आवाज नव्हता. कळशी घेऊन ते कडुनिंबाखाली आले, वर्दीनिशी, पदकांनिशी मातीत गुडघे टेकले, ताईच्या घोट्याची पट्टी सोडली आणि पाणी घातलं. लग्नात बाप लेकीचे पाय धुतो ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे भटजी असतो, घाई असते, कोणी पाहत नाही. इथे सगळे पाहत होते. ताईने डोळे मिटले. पाण्यात फुटलेल्या फोडाच्या तोंडाशी पांढरा दोरा हलला आणि त्याच्या भोवती परातीतलं पाणी दुधाळ झालं.

विहीणबाई मुलासकट वाकल्या. सात नारू काढलेली बाई, तिला वेगळं दाखवावं लागलं नाही. बराच वेळ ती त्या दुधाळ पाण्याकडे बघत राहिली. "हाई बठ्ठं विहीरमा गयं ऱ्हातं?"

"हो, हे सगळं," आबा म्हणाले.

"मन्हा नारूनंबी? मन्हा गावनी विहीरमा?"

आबांनी वर पाहिलं. या बाईशी खोटं बोलणं सोपं होतं, आणि दयेचंही झालं असतं. "हो. तुमचंही गेलं असणार."

"दुसरा साल मन्हा आंडोरले निंघना व्हता," विहीणबाई हळूच म्हणाल्या. आंडोर म्हणजे मुलगा, आमचे जावई. "दोन महिना रडना. मी म्हने, उष्णता शे." त्यांची कुऱ्हाड कुठल्या कुठे गेली. आबा मातीतच बसून होते. ते म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, विहीणबाई. सांगणारा कोणी नव्हता." आईविषयी बोलत असत तोच आवाज होता तो.

मग त्या बाईने नाक पुसलं, नातवाला खांद्यावर टाकलं, अक्काकडून हळदकुंकू घेतलं आणि परातीतल्या पाण्यावर वाहिलं. "विहीरनं पानी पायले लागनं का? लागनं. पूजा व्हयनी!" आणि ढोलवाल्यावर डाफरली, "काय देखी राहिना? वाजाड ना रे!"

ताई परातीतून बाहेर आली. आबांनी तिचा पाय कोरडा करून पट्टी बांधली आणि परात दोन्ही हातांनी उचलली. ते पाणी कुठेतरी टाकायला हवं होतं, आणि जवळपास टाकून चालणार नव्हतं. काठोकाठ भरलेली परात घेऊन ते बरडाच्या वाटेने निघाले, पावलापुढे पाऊल, नजर पाण्यावर. "बाजूला व्हा, थेंब सांडता कामा नये," एवढंच म्हणत होते. ढोलवाल्याला वाटलं हाही विधीचाच भाग आहे, तो वाजवत पुढे झाला. विहीणबाई मुलाला घेऊन मागे, ताई लंगडत मागे, आणि सगळं गाव तिच्या मागे. मी टोपी छातीशी धरून चालत होते. फौजेत कप्तानाची मिरवणूक कशी निघत असेल ते मला माहीत नाही. आमच्या गावात निघाली ती अशी. बरडावर त्यांनी ते पाणी तापल्या मातीवर ओतलं, आणि ते जिरून पुरतं वाळेपर्यंत तिथेच उन्हात उभे राहिले. मिरवणूकही उभी राहिली.

ताई तिसऱ्या दिवशी पिंपळनेरला गेली. गाडीत पाय लांब करून बसली होती, काडीला गुंडाळलेला नारू आणि आबांनी दिलेल्या पट्ट्या सांभाळत. पिंपळनेरच्या विहिरीवर त्यानंतर विहीणबाई स्वतः काठी घेऊन बसायला लागल्या, आणि कप्तान परवडला असं तिकडच्या बायका म्हणत. आमच्या गावातल्या बायकाही पायऱ्या सोडून रहाटावर आल्या, तरी पुढच्या पेरणीला नारू निघालेच. आबांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं, की मागचं प्यायलेलं आहे, ते निघणार. त्याच्या पुढच्या पेरणीला मात्र दवाखान्यातल्या काड्या तशाच पडून राहिल्या. आबा त्या काड्यांकडे बघत ओठांनी शीळ घालत बसले होते, ते मी पाहिलं आहे. दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा साठीकडे झुकलेल्या माणसाने पुन्हा ट्रंक उघडली. लढायला कोणी नेलं नाही, पण धुळ्याला नव्या शिपायांना शुश्रूषा शिकवायला बोलावलं. पहिला धडा पाण्याचा, आणि त्यात एक वाक्य हमखास असे, की या मुलखात तांबडा बावटा लावू नका.

मागच्या आखाजीला भाच्याने मला गावी नेलं. ज्याला ताईने सासूच्या हातात कोंबलं तोच हा भाचा, आता त्यालाही काठी लागते. घरोघरी नळ आले आहेत, पायविहिरीवर लोखंडी जाळी आहे, बावटामायला फरशी बसवली आहे. शेजारच्या घरी लेक बाळंत झाली होती आणि त्या दिवशी विहीरपूजन होतं, म्हणून आम्हीही गेलो. कडुनिंबाखाली पितळी परात मांडली. पोर तीत उभी राहिली. तिच्या बापाने, चांगला पँट-शर्टातला माणूस, गुडघे टेकून तिचे पाय धुतले. मग परात उचलून तो बरडाकडे निघाला आणि ढोल त्याच्या पुढे. बरडावर आता घरं झाली आहेत, दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत ओततात.

चालताना त्याचा तोल जरा गेला, तशी एक म्हातारी ओरडली, "सांभाय रे! थेंब सांडाले नको!"

मी तिला विचारलं, का बाई, सांडला तर काय होतं?

"काय माहीत, माय," ती म्हणाली. "पन सांडाना नही. पूर्वापार शे."

आबांना हे आवडलं नसतं. कारण कळलं पाहिजे, ते म्हणाले असते, नुसती रीत काय कामाची. भाचाही माझ्याकडे बघत होता, मी सांगते की काय म्हणून. तोंडापर्यंत आलं होतं. पण तो बाप परातीतल्या पाण्यावरून नजर न हलवता पावलापुढे पाऊल टाकत होता, अगदी तसाच, आणि पाणी ओतल्यावर ते जिरून पुरतं वाळेपर्यंत सगळे उन्हात उभे राहिले. मीही राहिले.